ताटातलं संपलंच पाहिजे असं नाही

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एका बालरोगतज्ज्ञांचा व्हिडिओ आला. मोबाईल दाखवून, मागे पळून भरवू नका, अशाने मुलं लठ्ठ होतात, असं त्यात ते बजावत होते. मावशीने लगेच लिहिलं, "भरवलं नाही तर पोरं खातात कुठे? आमची झाली का लठ्ठ?"

मावशीचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मुलांची जनुकं आणि आईवडिलांची भरवण्याची पद्धत ताडून पाहिली. ज्या मुलांचा कल जन्मतःच बारीक राहण्याकडे, त्यांना आग्रह जास्त होत होता. कल वजन वाढण्याकडे असेल, तर हात आखडता. एकाच घरातल्या जुळ्यांतही हा फरक दिसला. म्हणजे आई मुलाकडे बघूनच वागते. आग्रह केला म्हणून मूल जाड झालं, असं सरळ गणित मांडून आयांना धारेवर धरणं मला अन्यायाचं वाटतं.

तरीही आग्रह सोडावा, याच मताची मी आहे. कारण त्याने मूल जास्त खातही नाही. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लहान मुलांना सूप दिलं होतं. "संपव, संपव" म्हटलं तेव्हा ती कमी प्यायली, कुरकुरलीही. काही न बोलता पुढे ठेवलं तेव्हा जास्त प्यायली.

इथे इंग्लंडमध्ये माझ्या दोन वर्षांच्या मुलाच्या पाळणाघरात मी हे रोज बघते. ताई पास्ता आणि मटार वाढतात आणि मुलांबरोबर खायला बसतात. एखाद्या दिवशी तो चार मटार वेचून खातो आणि ताट सरकवतो. कुणी काही बोलत नाही, ताट उचललं जातं. संध्याकाळी घरी तोच मुलगा तूप घातलेला वरणभात दोनदा मागून घेतो. पण सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर नेमकं सरकवलेलं ताट दिसलं, तर त्यांचा जीव खालीवर होतो.

या काळजीचं मूळ वजनाच्या आलेखात आहे. इथे बाळाबरोबर एक लाल वही मिळते. तिच्यातल्या आलेखावर ०.४ पासून ९९.६ पर्यंत नऊ रेषा असतात; शंभरातली किती मुलं त्या रेषेहून कमी वजनाची, ते रेषेचा आकडा सांगतो. पंचविसावी रेषा म्हटली की आमच्या मराठी आयांचे चेहरे पडतात, जणू पेपरात पंचवीसच मार्क मिळाले. अहो, निम्मी धडधाकट मुलं पन्नासच्या खालीच असणार! मूल आपल्या रेषेला धरून वाढतंय ना, एवढं बघायचं. दोन रेषा ओलांडून खाली घसरलं, तर मात्र डॉक्टर गाठायचे.

इथलं सगळंच डोक्यावर घ्यावं असंही नाही. इंग्लंडमध्ये शाळेच्या पहिल्या वर्गातच पाचातल्या एकाहून जास्त मुलांचं वजन प्रमाणाबाहेर असतं. किती खायचं ते मुलाने ठरवावं, पण समोर काय यावं हे मोठ्यांनीच ठरवायला हवं. ते बाळांच्या तयार खाऊच्या गोड पाऊचवर आणि बिस्किटांवर सोडलं, तर मुलाची भूक तरी काय करणार?

त्या व्हिडिओतली लठ्ठपणाची भीती पुण्यातल्या फ्लॅटपुरती ठीक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३६ टक्के मुलं कमी वजनाची निघाली, जास्त वजनाची जेमतेम ४ टक्के. "आपली मुलं जात्याच बारीक" हेही खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे निकष ज्या सहा देशांतल्या मुलांवरून ठरले, त्यांत दिल्लीचीही मुलं होती. पोटभर खायला आणि नीट काळजी मिळाल्यावर ती नॉर्वेच्या मुलांसारखीच वाढली. नंदुरबारमधली आई दिवसभर मजुरीला जात असेल, तर मुलाला कसं भरवावं हे तिला शिकवत बसण्यात अर्थ नाही. तिच्या मुलाच्या वाटीत डाळ, तेल आणि अंडं रोज पडतंय का, हे सरकारला विचारायला हवं, आणि ग्रुपवरचा पुढचा वाद त्यावर झाला तर मला हवाच आहे.