सराफ्यातले पोहे

'जिज्ञासू' या नावाने लिहिणाऱ्या महाशयांस,

नैराश्यावरच्या गोळ्यांनी मेंदूच्या भागांमधल्या जोडण्या 'दुरुस्त' होतात, असं मी लेखात म्हटलं होतं. त्याखाली आपण लिहिलंत: "जोडण्या 'दुरुस्त' होतात हे कशावरून? 2019च्या चिनी अभ्यासात तर औषध घेणाऱ्यांच्याच जोडण्या कमी दिसल्या. प्लॅसिबोशी तुलना कुठाय? काकू, सराफ्यात पोहे खात न्यूरॉलॉजी शिकवू नका."

'दुरुस्त' हा शब्द चुकला, मान्य. 'बदलतात' असा केला आहे.

आता पोहे. सराफ्यातली खाऊगल्ली रात्री भरते आणि पोहे आम्ही सकाळी खातो. इंदूरचे म्हणवता आणि एवढंही ठाऊक नाही? बरं, मी पोहे खाते याचा मेंदूशी संबंध काय? एखाद्या डॉक्टरांनी हेच लिहिलं असतं तर त्यांच्या नाश्त्याची चौकशी केली असती का? आणि 'काकू' कशाला? माझं नाव लेखावर आहे. तुमचं मात्र कुठेच नाही.

तो अभ्यास मीही वाचलाय. 848 रुग्ण, 794 निरोगी माणसं. आपण नुसते पडलेले असताना मेंदूचं जे जाळं चालू असतं, ते डिफॉल्ट मोड नेटवर्क, त्यातली जोडणी कमी दिसली ती आजार पुन्हा उलटलेल्यांत. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या, औषध न घेतलेल्यांत नाही. संबंध औषधाशी दिसला, आजार किती काळ आहे याच्याशी नाही. मग औषधाने काहीतरी होतं, हेच ना मी म्हणत होते? कमी म्हणजे वाईट, हे तुम्हीच ठरवलंत. याच जाळ्यात तर माणूस स्वतःबद्दलच्या विचारांचं रवंथ करत बसतो.

ते रवंथ मी केलंय. सासऱ्यांच्या श्राद्धाला 11 पुऱ्या कमी पडल्या होत्या. तीन महिने मी त्याच मोजत होते. गॅससमोर उभी राहून, दूध उतू जाऊन ओट्यावरून पायावर येईपर्यंत. गोळी सुरू झाल्यावर पाचव्या आठवड्यात एका सकाळी दूध वर यायच्या आत माझा हात बटणावर गेला. पुऱ्या आठवल्याच नव्हत्या. हा पुरावा नाही म्हणाल. म्हणा. तुमच्या पायावर दूध सांडलं नव्हतं.

प्लॅसिबोचं, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीचं म्हणाल, तर ड्युलोक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाची तशी तुलना 2013 मध्येच छापून आली आहे, त्यात हे जाळं सैल पडलेलं दिसलं. शोधलंत तर सापडेल, सगळं मीच भरवायचं का?

पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तरच छापीन.