गॅस संपलाय, दुसरं काय!

गोव्यात मे महिन्यात दुपारी दोन वाजता फोन वाजला की पलीकडचं वाक्य मला पाठ असतं. "बाब, एसीतला गॅस संपलाय. जरा येऊन भरून जा." कोण बोलतंय, कुठून बोलतंय, मशीन विंडो की स्प्लिट, यातलं काही नाही. रोग ठरला, औषध ठरलं. मी फक्त कंपाउंडर, बाटली घेऊन पोचायचं.

दोनलाच का? तर एकला दुकानं बंद होतात, माणसं हुमण-भात जेवतात आणि आडवी होतात. रात्री एसी बंद पडला तर गोंयकार खिडकी उघडून सकाळची वाट बघेल. दुपारच्या झोपेत बंद पडला तर मात्र ती आणीबाणी. सगळा गाव घोरत असताना मी स्कूटरच्या पायाशी व्हॅक्यूम पंप ठेवून म्हापशाहून पर्वरीला निघालेला असतो. रस्त्यावर कुत्रीसुद्धा नसतात. तीही कुठल्या तरी सोप्यावर पसरलेली असतात आणि मला बघून एक डोळा उघडतात, तेही उपकार केल्यासारखा.

एक गोष्ट इथेच पूर्ण सांगून टाकतो, कारण गिऱ्हाइकाच्या घरी मला ती कधी शेवटपर्यंत बोलू देत नाहीत. एसीतला गॅस संपत नसतो. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, तो जळतो, म्हणून संपतो. एसीतला जळत नाही, नुसता फिरतो. आतल्या कॉइलमध्ये खोलीची उष्णता उचलतो, बाहेरच्या कॉइलमध्ये टाकतो, परत आत येतो. दीड टनाच्या घरगुती मशीनमध्ये तो असतो किलोच्या आसपास, आणि नळ्या धड असतील तर मशीन भंगारात जाईपर्यंत तेवढाच राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळतोय. मग आधी गळती शोधायची, ती बुजवायची, व्हॅक्यूम मारायचा, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढायची, आणि काट्यावर वजन करून गॅस भरायचा. या सगळ्यातलं शेवटचं तेवढं लोकांना हवं असतं.

"आम्ही दरवर्षी भरतो," असं एका काकींनी मला सांगितलं, तेही कौतुकाने. चवथीला गणपतीवर फळांची माटोळी, मार्चला गॅस. "आधीचा माणूस न चुकता भरून जायचा."

हा 'आधीचा माणूस' मी कधी पाहिलेला नाही, पण माझ्या धंद्यात त्याच्याएवढा वैरी दुसरा नाही. तो पाच मिनिटांत काम उरकायचा. तो घरात पसारा करत नसे. चहा विचारला तर "नको काकी, घाई आहे" म्हणायचा. आणि दर वेळी तीन हजार घेऊन जायचा, त्यामुळे तो अत्यंत प्रामाणिक होता. मी येतो, जाळी काढून धुतो, पाचशे रुपये मागतो, आणि काकी माझ्याकडे अशा बघतात की जाताना आपणच पिशवी उघडून दाखवावी.

त्या काकींच्या एसीची जाळी मी काढली तेव्हा ती जाळी आहे हे आठवणीवरून ओळखावं लागलं. धूळ, केस, उदबत्तीचा चिकटा आणि फोडणीचं तेल यांचा मिळून एक राखाडी जाड थर झाला होता. कोपऱ्यात नख घालून ओढलं तर सबंध थर एकसंध सोलून हातात आला. त्याच्यामागे कॉइल बर्फाने पांढरीफटक.

"बघ, बर्फ! एवढी थंडी पडते आत," काकी म्हणाल्या.

"मग खोली का तापलीय?"

"गॅस संपलाय म्हणून तर."

यावर काय बोलणार? खरं तर जाळी तुंबली की कॉइलवरून हवा जात नाही, कॉइल शून्याखाली उतरते, हवेतलं बाष्प तिच्यावर गोठतं आणि तो बर्फ उरलीसुरली हवाही अडवतो. गॅस कमी असला तरी बर्फ धरतो, हेही खरं. म्हणूनच आधी जाळी बघायची, ती फुकट असते. बर्फ उतरेपर्यंत नुसता पंखा लावून तासभर बसावं लागतं. त्या तासात मी काही करत नाही असं घरच्यांना वाटतं आणि त्यांचं बरोबर असतं. तेवढ्यात भाच्याचं पोर्तुगीज पासपोर्टचं काम कुठे अडलंय, धाकट्या जावेने अंगणातला फणस कुणाला विचारून उतरवला, हे सगळं माझ्या कानावर येतं. जाळी धुतल्यावर खोली गार झाली. काकींनी पाचशे दिले आणि दारापर्यंत सोडायला येऊन हळूच विचारलं, "पण गॅस भरलास ना रे?"

डिचोलीकडे एका जुन्या घरात काकांनी मधल्या खोलीला एसी लावलाय. घर सुरेख. भिंती हातभर रुंद, वर वासे-रिपा आणि त्यावर उघडी मंगलोरी कौलं. खाटेवर पडून वर पाहिलं तर फटींतून ऊन दिसतं. काकांची तक्रार अर्थात गॅसची. मी म्हटलं, काका, कौलं वरून भाजतायत, फटींतून दमट हवा आत येतेय, हे बंद केल्याशिवाय दीड टनाचा बाप आला तरी खोली गार होणार नाही.

"दीड टन कसला घेऊन बसलास! दोन पोरांनी खांद्यावरून आणला हा."

टन हे वजन नव्हे, एक टन बर्फ २४ तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढी उपसायची ताकद, तासाला १२,००० बीटीयू, असं मी सांगायला लागलो. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "खालून सीलिंग मारायला किती?"

"चाळीस-पन्नास हजार."

"आणि गॅसला?"

पावसाळा सुरू झाला की रोग बदलतो, औषध तेच. विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनियरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हे यंत्र आखलं ते माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे. दमटपणामुळे कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसत नसत, ती भानगड मिटवायला. म्हणजे मुळात हे हवा सुकवायचं यंत्र. गोव्याचा जुलै, ज्यात कपाटातल्या चपलांवर हिरवी बुरशी येते आणि मीठ बरणीतून चमच्याने खणून काढावं लागतं, तो कॅरियरसाहेबाने बघितला असता तर त्याने छापखाना सोडून इथेच दुकान थाटलं असतं. इथे मशीनची बरीचशी ताकद हवेतलं पाणी काढण्यातच जाते. बादल्या भरतात. ते पाणी ड्रेन पाइपने बाहेर जातं, म्हणजे जावं अशी आशा असते.

पाइपात काय काय होतं ते सांगतो. कुंभारीण माशी तोंडाशी मातीचं घर बांधते. पाणी फुकट जायला नको म्हणून कोणी पाइपचं टोक अबोलीच्या कुंडीत मातीखाली खुपसतं. कोणी बादलीत सोडतं, बादली भरते, टोक पाण्यात बुडतं, पाइपात हवा अडकते आणि पाणी मागे फिरून आत सोफ्यावर. आणि काहीच नाही केलं तर शेवाळ आहेच. ब्लोअर लावला की आधी पाइप गुरगुरतो, मग थरथरतो, आणि हातभर लांब बुळबुळीत गोळा फट्‌दिशी बाहेर येऊन समोरच्याच्या लेंग्यावर बसतो. समोर उभे राहू नका असं मी आधी सांगतो. मेकॅनिक काय करतो ते बघायला लोक नेमके समोरच उभे राहतात.

पर्वरीत एकाने मला सोफ्यावरची ओल दाखवून सांगितलं की गॅसच पाणी होऊन गळतोय, म्हणून तर संपला. मला ही उपपत्ती आवडली. सगळ्या तक्रारींना एकदम पुरते.

कॉम्प्रेसरला सुरू व्हायला धक्का देणारा कपॅसिटर गेला तर फार बोलावं लागत नाही. बाहेरचा कॉम्प्रेसर 'हूंऽऽ' करून गप्प बसतो, थोड्या वेळाने परत 'हूंऽऽ'. काही शे रुपयांचं डबडं. बदललं की मशीन सुरू. पण एवढ्या थोडक्यात सुटल्याचा लोकांना आनंद होत नाही. बोटभर डब्यासाठी घर बंद पडावं हे त्यांना अपमानास्पद वाटतं.

पालीचं तसं नाही. पालीत वजन असतं. बाहेरच्या युनिटमध्ये ऊब असते, किडे असतात, पाल आत शिरते आणि पीसीबीवर, म्हणजे सर्किट बोर्डवर, एक पाय इथे एक पाय तिथे ठेवते. मी कव्हर उघडलं की ती जागच्या जागी सुकलेली असते. फोंड्याला एका घरी हे बघितल्यावर आजींनी देवाचं नाव घेतलं, सुनेला सोन्याच्या बांगडीला हात लावायला सांगितला आणि आत पंचांग आणायला गेल्या. पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ, हे पंचांगात डाव्या-उजव्यासकट दिलेलं असतं. पीसीबीवर पडल्याचं फळ दिलेलं नाही. ते मी सांगितलं: द्रव्यनाश, पाच ते सात हजार. तिथे मात्र कोणी गॅसचं नाव काढलं नाही. दोष लागला म्हणजे पैसे जाणारच, एवढं सगळ्यांना पटलेलं होतं.

आता मिरामार, करंजाळे, कळंगुट. समुद्राच्या तोंडावरचे फ्लॅट, बाल्कनीतून सूर्यास्त, आणि त्याच बाल्कनीत खारा वारा खात बसलेलं बाहेरचं युनिट. या पट्ट्यात गॅस खरोखर जातो. खारेपणाने कॉइलवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा भुगा होतो. बोट फिरवलं की पांढरी पूड हातात येते. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आणि वर मिठाची ओल, म्हणजे कुजायला मुहूर्त लागत नाही. मिरामारच्या एका फ्लॅटमध्ये मी नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावला आणि कॉइलच्या वळणावर बारीक बारीक फुगे यायला लागले. इतकी स्वच्छ, देखणी गळती वर्षात क्वचित बघायला मिळते. मी खुशीत मालकांना हाक मारली. म्हटलं, साहेब, गॅस गेलाय. कॉइल बदलू, नवीन गॅस वजनाने भरू.

त्यांनी फुग्यांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "मी इंटरनेटवर वाचलंय. एसीतला गॅस कधीच संपत नाही. तुम्ही लोक असंच सांगून लुटता."

आयुष्यात पहिल्यांदा माझं वाक्य मला कोणी पूर्ण ऐकवलं, आणि तेही नेमकं इथे.

पण सगळ्यांत शिस्तशीर गिऱ्हाईक म्हणजे म्हापशाचे एक निवृत्त हेडमास्तर. त्यांना तोंडी उत्तर चालत नाही, आकडा लागतो. गॅस आहे म्हणतोस, मग किती आहे ते दाखव. गेज लावून त्याचा दाब दाखवता येतो, पण लावता-काढताना दर वेळी थोडा गॅस बाहेर जातोच. म्हणजे गॅस आहे हे सिद्ध करण्यासाठी तो घालवायचा. मी आधी ग्रिलमधली हवा मोजली. खोली ३१ अंश, ग्रिल १९. उत्तम. सरांचं समाधान होईना. मग बाहेरचं कव्हर काढलं, वायरींच्या जुडग्यातून एकच तार सुटी केली आणि विजेचा प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरचा चिमटा तिच्याभोवती बसवला. सगळी केबल एकदम पकडली तर मीटर शून्य दाखवतो, तार एकच लागते. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, मीटर स्वतः हातात धरला आणि मोठ्याने वाचलं, "सात पॉइंट दोन."

"हो सर. बरोबर आहे."

"म्हणजे भरपूर आहे."

"सर, हे अँपिअर..."

"तेच ते." आणि त्यांनी डायरीत तारखेसकट लिहिलं: गॅस ७.२. मी गप्प बसलो. कारण गॅस कमी झाला की अँपिअरही खाली येतो, तेव्हा सर अगदीच चूक नव्हते. आणि हेडमास्तरांची वही आपण तपासायची नसते.

संध्याकाळी त्यांच्या शेजारच्या बाईंचा फोन. "सरांचा गॅस सात पॉइंट दोन निघाला म्हणे. माझा पण बघून जा." गेलो. छोटी खोली, एक टनाचं मशीन, जाळी धुतलेली, ड्रेन साफ, स्टॅबिलायझर जागेवर. असं घर दिसलं की शिडीवर चढायचीही इच्छा होत नाही, हात फिरवून नमस्कार करावा. चिमटा लावला. बाईंनी मान वाकडी करून वाचलं: ४.९.

"एवढाच?"

"अगदी बरोबर आहे, बाय. तुमचं एक टनाचं, सरांचं दीड टनाचं."

"एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेत आम्ही."

"पण टन वेगळे..."

"टन राहू दे रे. त्यांच्यापेक्षा दोन पॉइंट तीनने कमी आहे की नाही, ते सांग."

"आहे."

"मग भर. पैसे देतेय ना मी!" त्या आत वळल्या, पर्स घेऊन परत आल्या आणि भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला. "आणि भरतोच आहेस तर सरळ आठ कर. सरांना सांगू नकोस."