डेल ज्युनिअरसमोर ड्रायव्हर मोकळे का होतात

निवृत्त खेळाडूंचे कार्यक्रम मला फारसे ऐकवत नाहीत. "आमच्या वेळी असं नव्हतं" सुरू झालं की मी बंद करतो. पण अमेरिकेतल्या नास्कार या मोटार-रेसच्या मालिकेतला जुना ड्रायव्हर डेल अर्नहार्ट ज्युनिअर याचा 'डेल ज्युनिअर डाउनलोड' हा पॉडकास्ट शो मी नेमानं ऐकतो, आणि आज त्याच्याबद्दल सविस्तर लिहायचंय. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात आपली कितीतरी मराठी मंडळी बँकांच्या नोकऱ्यांमुळे येऊन राहिली आहेत. नास्कारच्या बहुतेक टीम्सची वर्कशॉप्स इथून जवळच, मूर्सव्हिल आणि कॉन्कर्डच्या आसपास आहेत. तरीही विषय काढला की उत्तर ठरलेलं: "गोल गोल गाड्या फिरवतात तेच ना?"

हो, तेच. फक्त ती गोल चक्कर कशी असते ते बघा. फ्लोरिडातल्या डेटोनाचा ट्रॅक अडीच मैलांचा, म्हणजे चार किलोमीटरचा. वळणांवर रस्ता ३१ अंशांनी कललेला, पायी चढतानाही दम लागेल इतका. त्यावर चाळीसेक गाड्या ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास, एकमेकींच्या बंपरला बंपर लावून पळतात. एकाचा हात किंचित चुकला तर मागचे दहा-वीस जण त्यात सापडतात. गाडी बाहेरून शोरूममधल्या गाडीसारखी दिसते, आत मात्र पोलादी पाइपांचा पिंजरा असतो आणि त्यात पट्ट्यांनी आवळून बसवलेला माणूस.

डेल ज्युनिअरचा बाप, डेल अर्नहार्ट, सात वेळा चॅम्पियन. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोना ५०० या रेसच्या अगदी शेवटच्या लॅपमध्ये, शेवटच्या वळणावर त्याची गाडी भिंतीवर आदळली. पुढे त्याच्याच मालकीच्या टीमच्या दोन गाड्या होत्या. पहिला आला मायकेल वॉल्ट्रिप आणि दुसरा आला अर्नहार्टचा स्वतःचा मुलगा. मुलानं फिनिश लाइन ओलांडली तेव्हा बाप मागे गाडीत निपचित होता.

पुढच्या दिवसांत स्टर्लिंग मार्लिन या ड्रायव्हरला जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या, कारण अपघाताआधी त्याची गाडी अर्नहार्टच्या गाडीला घासली होती. तेव्हा २६ वर्षांच्या ज्युनिअरनं जाहीरपणे सांगितलं की मार्लिनला दोष देऊ नका. बापाला जाऊन आठवडाही नीट उलटला नव्हता. मला या माणसाबद्दल जो आदर आहे त्याची सुरुवात इथून होते. जुलैमध्ये तो पुन्हा त्याच डेटोनाला उतरला आणि जिंकला.

त्याआधीच्या वर्षी ॲडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर हे तीन ड्रायव्हर डोक्या-मानेच्या दुखापतींनी गेले होते. अर्नहार्ट हा चौथा गेला तेव्हा कुठे चाकं हलली. हेल्मेटला पट्ट्यांनी बांधून मान पुढे फेकली जाऊ न देणारं 'हॅन्स'सारखं साधन ऑक्टोबर २००१ मध्ये सक्तीचं झालं. पुढे ट्रॅकच्या काँक्रीट भिंतींसमोर धक्का शोषणाऱ्या भिंती आल्या. एवढा मोठा माणूस जाईपर्यंत थांबायची गरज नव्हती, असं मला आजही वाटतं.

आता खुद्द ज्युनिअरचं. ऑगस्ट २०१२ मध्ये कॅन्ससच्या ट्रॅकवर टायरच्या चाचणीत त्याची गाडी जोरात आदळली. डोक्याला मार बसलाय हे त्याला कळत होतं, पण तो कुणाला बोलला नाही आणि रेस करत राहिला. ऑक्टोबरमध्ये टॅलाडेगाच्या रेसमध्ये पुन्हा आदळला, तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेला आणि दोन रेस बाहेर बसला. पुढची काही वर्षं तो फोनमध्ये गुपचूप नोंदी ठेवत होता: आज काय झालं, डोकं कसं होतं, तोल कसा होता. नास्कारचा सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर, सलग पंधरा वर्षं चाहत्यांनी निवडलेला, आणि त्याच्या खिशात ही यादी. २०१६ मध्ये नजर स्थिर राहीना, चालताना तोल सावरेना, तेव्हा उरलेल्या १८ रेस सोडाव्या लागल्या. पिट्सबर्गला उपचार घेतले, २०१७ ला परत आला, तो सीझन पुरा केला आणि पूर्णवेळ रेसिंग थांबवलं. मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनासाठी द्यायचं त्यानं जाहीर केलंय.

या नोंदींबद्दल त्यानं पुढे पुस्तकात लिहिलं आणि माईकसमोरही तो त्यावर बोलतो. माझ्या मते त्याच्या शोचं खरं बळ हेच आहे. समोर बसलेल्या ड्रायव्हरला ठाऊक असतं की हा माणूस स्वतः लपवून बसला होता. पत्रकारानं "अपघातानंतर कसं वाटलं?" विचारलं तर छापील उत्तर मिळतं: गाडी चांगली होती, टीमचे आभार. तोच प्रश्न ज्युनिअरनं विचारला की माणूस थोडा थांबतो आणि मग खरं बोलायला लागतो. २०२२ मध्ये नास्कारनं सगळ्या टीम्ससाठी आणलेल्या नव्या गाडीचा मागचा भाग फार कडक निघाला, मागून आदळलं की सगळा धक्का ड्रायव्हरच्या अंगावर येऊ लागला. कर्ट बुश आणि अ‍ॅलेक्स बोमन दोघांना डोक्याच्या दुखापतीनं बाहेर बसावं लागलं आणि बुशची पूर्णवेळ कारकीर्द तिथेच संपली. तेव्हा ज्युनिअरच्या बोलण्याला वजन होतं ते या सगळ्यामुळे.

शोचा दुसरा धागा मला त्याहून जवळचा वाटतो. लहानपणी आईचं घर जळालं म्हणून तो आणि त्याची बहीण केली बापाकडे राहायला आले. बाप सतत रेसवर. मुलगा ऐकेना म्हणून त्याला मिलिटरी शाळेत टाकलं, तर बहीणही त्याला सोबत म्हणून तिथे गेली. हीच केली आज त्याच्याबरोबर जेआर मोटरस्पोर्ट्स ही टीम चालवते. म्हणजे या मुलाला बाप फार थोडा मिळाला. आता जुने मेकॅनिक, क्रू चीफ (म्हणजे गाडीच्या तांत्रिक चमूचे प्रमुख), बापाचे प्रतिस्पर्धी शोवर येतात आणि बापाचे किस्से सांगतात. कुठे भांडला, कुणाला रात्री गुपचूप पैसे दिले, गॅरेजमध्ये कसा चिडायचा. काही गोष्टी मुलगा तिथेच पहिल्यांदा ऐकतो. कान देऊन ऐकलं की त्याच्या आवाजातला फरक कळतो. बारीकसारीक विचारत राहतो: ती गाडी कुठल्या रंगाची होती, इंजिन कुणी बांधलं, पैसे कुणी घातले. नवख्या श्रोत्याला कंटाळा येईल इतकं. मला येत नाही.

जुन्याबद्दलची ही ओढ नुसती बोलण्यापुरती नाही. नॉर्थ कॅरोलायनातलाच नॉर्थ विल्क्सबरोचा जुना ट्रॅक १९९६ च्या शेवटच्या मोठ्या रेसनंतर ओस पडला होता, डांबराच्या भेगांतून झाडोरा वाढला होता. २०१९ च्या डिसेंबरमध्ये ज्युनिअर काही लोकांना घेऊन तिथे गेला आणि सगळ्यांनी हातानं गवत उपटलं. हेतू एवढाच, की निदान व्हिडिओ गेमसाठी ट्रॅकचं लेझर मोजमाप करून ठेवता यावं. पुढे राज्य सरकारनं पैसे दिले, २०२२ मध्ये तिथे पुन्हा रेस झाल्या, स्वतः ज्युनिअर त्यात उतरला आणि तिसरा आला. मे २०२३ मध्ये नास्कारची ऑल-स्टार रेस तिथे भरली.

तो टीमचा मालक आहे, टीव्हीवर समालोचन करतो, त्यामुळे नास्कारच्या कारभारावर त्याचं मत ऐकताना हे ध्यानात ठेवावं लागतं. ठेवा. पण ड्रायव्हरच्या शरीराबद्दल आणि भीतीबद्दल बोलणारा त्याच्याइतका भरवशाचा आवाज मला या खेळात दुसरा दिसत नाही.

हे ऐकताना मला सारखे आपले पैलवान आठवतात. कोल्हापूर-सांगलीच्या तालमींतून वाढलेल्या, आता सत्तरी ओलांडलेल्या मल्लांना आपण मैदानात बोलावतो, फेटा बांधतो, दोन शब्द बोलायला लावतो आणि खाली बसवतो. गुडघा कधी गेला, खुराकाचे पैसे कुणी दिले, हरल्यावर गावात तोंड कसं दाखवलं, हे त्यांना दोन तास निवांत विचारणारा दुसरा पैलवान हवा, पत्रकार नको. तुमच्यापैकी कुणाच्या घरात, तालमीत असा माणूस असेल तर साधा फोन समोर ठेवून या दिवाळीत सुरुवात करा.

आणि शो ऐकायचा असेल तर ताज्या रेसच्या चर्चेपासून सुरू करू नका, नावं कळणार नाहीत. जुन्या ड्रायव्हरांच्या आणि मेकॅनिकांच्या मुलाखती आधी ऐका. शार्लटमधल्या मंडळींनी त्यानंतर एखाद्या शनिवारी डाउनटाउनच्या नास्कार हॉल ऑफ फेममध्ये जाऊन यावं. मुलांना न्यायला आणि गाड्या समजावून सांगायला मी यायला तयार आहे, कमेंटमध्ये कळवा.