ज्यू नुसती वाट पाहत बसतात?

सध्या फिरत असलेल्या एका मजकुराचं म्हणणं असं: ज्यू लोक मसीहाची, म्हणजे देव पाठवणार त्या तारणहाराची, नुसती वाट पाहत बसतात, त्याच्या येण्याची तारीख देवाने आधीच ठरवली आहे, आणि तो आला की चमत्काराने सगळी दुःखं संपतील, म्हणून रोजच्या लहानसहान सत्कर्मांना या श्रद्धेत काही किंमत नाही. हा मजकूर अलिबागकडच्या ओळखीच्या माणसांनीही पुढे पाठवला, याचं मला फार वाईट वाटलं. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, शेजाऱ्यांकडे मलिद्याचे गोड पोहे आपण खाल्लेत. तो मलिदा ज्या एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने होतो, तोच मसीहाची वर्दी देणार अशी श्रद्धा आहे.

आधी तारखेचं पाहू. तालमूद म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, रब्बींच्या, चर्चांचा ग्रंथ; त्याच्या सनहेद्रिन भागात रब्बी राव म्हणतात की ठरलेल्या सगळ्या मुदती उलटून गेल्या, आता सारं पश्चात्तापावर आणि सत्कर्मांवर आहे. मुदतीचं गणित मांडत बसणाऱ्यांना तर तिथेच शाप दिलाय. उलट मतही त्याच पानांत आहे: लोक सुधारोत न सुधारोत, सुटका, म्हणजे मसीहाचं येणं, व्हायची तेव्हा होईल. हिब्रू बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथातल्या ‘त्याच्या वेळी मी ते त्वरेने करीन’ या वचनाचा अर्थ लावताना रब्बी यहोशुआ बेन लेवी दोन्ही टोकं जुळवतात: लायक असाल तर त्वरेने, नसाल तर वेळेवर. मजकूर लिहिणाऱ्याने यातलं दुसरं अर्धं तेवढं उचललं.

याच रब्बींची एक गोष्ट आहे. मसीहा कधी येणार, असं त्यांनी एलियाहूला विचारलं. ‘त्यालाच जाऊन विचार, वेशीवर बसलाय,’ तो म्हणाला. तिथे रोगाने पिडलेले गरीब बसलेले. बाकीचे आपल्या जखमांच्या सगळ्या पट्ट्या एकदम सोडत आणि मग बांधत. मसीहा मात्र एक सोडून बांधायचा, मग दुसरीला हात घालायचा. बोलावणं आलं तर उशीर नको! ‘कधी येणार?’ ‘आज.’ दिवस सरला, कोणी आलं नाही. तेव्हा एलियाहूने उलगडा केला: आज, पण तुम्ही देवाचं ऐकलंत तर. म्हणजे खोळंबा त्याच्याकडून नाहीच.

लहान कृत्याची किंमत ज्यू धर्मपंडित रम्बाम, म्हणजे मायमोनिडीस (११३८–१२०४), यांनी तराजूने दाखवली. प्रत्येकाने वर्षभर असं धरून चालावं की आपली आणि साऱ्या जगाची पाप-पुण्याची पारडी अगदी बरोबरीत आहेत. एक सत्कर्म केलं की स्वतःसकट जग तरलं. शुक्रवारी सांजावताना शब्बाथचे, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचे, दिवे लावण्याआधी कित्येक घरांत दानाच्या डब्यात एखादं नाणं टाकतात. दानामुळे सुटका जवळ येते, असं तालमूद सांगतं. त्या नाण्याला किंमत नाही कशी म्हणायची?

हातावर हात ठेवून वाट पाहण्याचे प्रसंग घडलेच नाहीत असं मी म्हणणार नाही. १६६५-६६ मध्ये शब्बताई झ्वीला मसीहा मानून अनेकांनी कामधंदे सोडले, सामान बांधलं. १६६६ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला. पण धर्मपरंपरेची शिकवण त्याच्या नेमकी उलट होती. रब्बी योहानान बेन झक्काई यांचं वचन आहे: हातात रोप असताना कोणी सांगितलं की मसीहा आला, तर आधी रोप लाव, मग त्याच्या स्वागताला जा.

राहिला चमत्कार. मसीहाने चमत्कार करून दाखवायची गरज नाही, जग आपल्या रीतीनेच चालेल, असं रम्बाम स्पष्ट लिहितात. त्यांचा आधार रब्बी श्मुएल: आजच्या आणि मसीहाच्या काळात फरक एवढाच की परक्या सत्तांचं जोखड उरणार नाही. याला पुरावा म्हणून तालमूद तोरा या मूळ धर्मग्रंथातलं एक वचन देतं: ‘देशातून गरीब कधी नाहीसे होणार नाहीत.’ म्हणजे श्मुएलच्या मते मसीहा आल्यावरही दार ठोठावणारा गरीब असेल, आणि दानाचा तो डबा तेव्हाही लागेल.