‘सेन्सरचं काम होतं, कन्व्हर्टर गळ्यात मारला’ या रिव्ह्यूला गॅरेजचं उत्तर

नमस्कार साहेब,

आपण एक स्टार देऊन लिहिलंय की चेक इंजिनचा लाइट लागला होता, दुसऱ्या गॅरेजमध्ये सेन्सर बदलून साडेचार हजारांत काम होणार होतं. आम्ही मात्र कॅटलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, विषारी धूर साफ करणारा डबा) गळ्यात मारला, गरज नसताना ठिणगी पाडणारे कॉइल-प्लग टाकले, गाडी दोन दिवस अडकवली, बिल ४१ हजारांवर नेलं आणि जुना पार्ट बहुतेक विकून टाकला. २०१३ च्या गाडीला आज येणारी किंमत बघता हा खर्च टोचणारच. म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर इथेच, सगळ्यांसमोर देतो.

स्कॅनरवर दोन कोड होते. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेच्या खाली, आणि पी०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. पी०४२० दिसला की बरेच जण कन्व्हर्टरच्या मागचा, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलतात, कारण तो स्वस्त असतो आणि अर्ध्या तासात निघतो. पण सेन्सर खराब आहे असं हा कोड सांगत नाही. कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मध्ये सतत खालीवर होतं, ते तसंच व्हायला हवं. कन्व्हर्टर धडधाकट असला की तो जास्तीचा ऑक्सिजन धरून ठेवतो आणि लागेल तसा सोडतो, त्यामुळे मागच्या सेन्सरची रेघ ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ सरळ राहते. आपल्या गाडीत ती रेघ ०.२ ते ०.८ अशी पुढच्याच्या बरोबरीने उड्या मारत होती.

सेन्सरच चुकीचं दाखवत नसेल कशावरून, हा प्रश्न रास्त आहे, आणि तो आधी तपासला. एकदम रेस दिल्यावर मागचा सेन्सर ०.८ च्या वर गेला. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडला, इंजिनाने पेट्रोल बंद केलं, तेव्हा तो लगेच ०.१ च्या खाली आला. असा सेन्सर ठणठणीत असतो. तो बदलला असता तर साडेचार हजार गेले असते आणि नवा सेन्सरही हेच सांगत राहिला असता. मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करणारा भाग) किंवा पाइपच्या जोडातून बाहेरची हवा आत येत असली तरी रीडिंग फसवतं, म्हणून इंजिन गार असताना एक्झॉस्टमध्ये धूर सोडून पाहिला. गळती नव्हती.

८० च्या पुढे गाडी ओढत नाही, घाटात दम टाकते, ही तक्रार आपण जॉब कार्डवर लिहून दिली होती. नुसत्या पी०४२० ने असं होत नाही, असं होतं ते धूर बाहेर पडायची वाट तुंबल्यावर. पुढचा सेन्सर काढून त्याच्या भोकात प्रेशर गेज लावला. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, साधारण सव्वा पीएसआयच्या (दाबाचं माप) आत आणि २५०० आरपीएमला ३ च्या आत दाब असावा. आपल्या गाडीत तो २ आणि ६ होता. गेजचा फोटो जॉब कार्डाबरोबर आपल्याला पाठवलेला आहे.

आता कॉइल आणि प्लगबद्दल, कारण सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथे आहे. कन्व्हर्टर सहसा आपणहून मरत नाही, त्याला काहीतरी मारतं. मिसफायर असेल तर न जळलेलं पेट्रोल आणि हवा थेट आत जाते, तिथे पेटते आणि आतलं सिरॅमिक वितळेपर्यंत तापतं. इंजिन ऑइल जाळत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस आणि जस्त सिरॅमिकवरच्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमच्या थरावर बसून त्याला निकामी करतात. हेड गास्केटमधून कूलंट गळत असलं तरी तेच. मारणारा शोधल्याशिवाय नवा कन्व्हर्टर बसवणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे जाळणं, आणि ते आम्ही करत नाही. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर लावली तर मिसफायरही पहिल्यावर गेला, म्हणजे दोष कॉइलचाच. चारही प्लगची गॅप झिजून वाढली होती, अशा प्लगवर नवी कॉइलही लवकर जाते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चारही सिलिंडरना सारखं होतं आणि कूलंट कमी होत नव्हतं, म्हणून इंजिनाला हात लावला नाही.

कॉइल-प्लग टाकल्यावर गाडी पुन्हा रस्त्यावर काढली. इंजिनाचा कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा जे जास्तीचं पेट्रोल सोडत होता (लाँग टर्म फ्युएल ट्रिम), ते ११ टक्क्यांवरून ३ वर आलं, मिसफायर थांबला. मागचा सेन्सर मात्र तसाच उड्या मारत होता आणि दाबही तेवढाच होता. त्यानंतरच आपल्याला फोन केला, एस्टिमेट पाठवलं आणि आपला होकार आल्यावर पार्ट मागवला.

लाइट नुसता पुसून देता आला असता, असंही आपण म्हणता. कोड पुसला की लाइट जातो, पण गाडीने स्वतःची तपासणी पुन्हा केली की दोन फेऱ्यांत तो परत येतो. टाकीत ओतायच्या क्लीनरने वितळलेलं सिरॅमिक पूर्ववत होत नाही.

तीन हजारांत ‘पोकळ करून’ मिळतो, हेही आपण लिहिलंय. मिळतो, खरं आहे. आतली सिरॅमिकची जाळी फोडून रिकामा डबा परत बसवतात, पिकअप सुधारतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. आम्ही हे काम कोणालाही करून देत नाही. मागच्या गाडीवाल्याच्या, फुटपाथवरच्या पोराच्या नाकात जाणारा कार्बन मोनॉक्साइड त्या जाळीमुळेच अडतो. शिवाय प्रदूषणाचे नियम मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन्स तीन महिने जातं ते वेगळं. बीएस-४ (प्रदूषणाचं सरकारी मानक) पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. कॉइल बदलल्यावरही आपल्या गाडीचं रीडिंग ०.६ आणि २६० होतं. नव्या कन्व्हर्टरनंतर ०.०२ आणि २५.

दोन दिवस का लागले? गंजलेले नट गरम इंजिनावर जोराने फिरवले तर स्टड हेडमध्येच तुटतो, आणि मग तो काढण्याचं काम कन्व्हर्टरपेक्षा किचकट होऊन बसतं. म्हणून रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं आणि सकाळी गार इंजिनावर नट सोडवले. गास्केट आणि नट नवे टाकले. जोडाला सिलिकॉन लावला नाही, त्याच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर खराब होतो. सेन्सरच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावलं, टोकाला लागू न देता, आणि टॉर्क रेंचने घट्ट केले. पार्ट कंपनीचाच घेतला. बाजारात निम्म्या किमतीतही मिळतो, पण स्वस्त पार्टमध्ये मौल्यवान धातूचा थर पातळ असतो आणि बऱ्याचदा काही महिन्यांत तोच कोड परत येतो. दोन्ही पर्याय एस्टिमेटमध्ये होते.

जुना कन्व्हर्टर विकलेला नाही. आपल्या गाडीच्या नंबरची चिठ्ठी लावून तो गॅरेजमध्ये ठेवला आहे, बिलावर तशी नोंदही आहे. येऊन बघा. समोरच्या तोंडाला मधली भोकं वितळून काचेसारखी बुजली आहेत, फक्त कडेची उघडी आहेत, आणि हलवला की आत तुकडे खुळखुळतात. तो आपलाच आहे. भंगारवाल्याला लोखंडाच्या भावाने देऊ नका, आतल्या धातूंमुळे त्याला वेगळा भाव मिळतो. दोन-तीन ठिकाणी विचारून मगच द्या.

यापुढे एवढं सांभाळा. चेक इंजिनचा लाइट लुकलुकायला लागला तर ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करा, गाडी बाजूला घ्या आणि तशी दामटू नका, कारण त्या क्षणी कन्व्हर्टर जळत असतो. बॅटरी उतरली तर धक्का मारण्यापेक्षा जंपर केबल लावा, धक्क्यात न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं. दर हजार किलोमीटरला डिपस्टिक बघून ऑइल किती उतरलं ते लिहून ठेवा. हजार किलोमीटर झाले की गाडी घेऊन या, दोन्ही सेन्सरच्या रेघा आपल्यासमोर स्क्रीनवर लावून दाखवतो. त्याचे पैसे लागणार नाहीत.