रिव्हॉल्व्हर घ्यायचेच ठरवले असेल तर

चित्रपट पाहून आल्यावर चार दिवसांतही ज्याचा ज्वर उतरत नाही, त्याने निदान पद्धतशीर वेडे व्हावे, एवढ्याच सद्हेतूने हा लेख लिहीत आहे. आपण दापोलीचे असा, देवगडचे असा किंवा वेंगुर्ल्याचे असा; पडद्यावर नायकाने कमरेच्या पट्ट्यातून लांब नळीचे रिव्हॉल्व्हर काढले, अंगठ्याने घोडा मागे ओढला आणि तो ‘खट्’ आवाज थिएटरच्या चारही भिंतींतून आला, की आपल्या आयुष्यात नेमके काय कमी होते ते आपल्याला अचानक उमगते. तोपर्यंत आपण उगीचच खताच्या भावाला आणि विहिरीवरच्या पंपाला दोष देत होतो.

सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे, की हत्यार गरज पाहून निवडायचे नसते, चित्रपट पाहून निवडायचे असते. यात लाजण्यासारखे काही नाही, कारण ही वाट अमेरिकेसारख्या देशाने मळवून ठेवलेली आहे. स्मिथ अँड वेसन कंपनीने .४४ मॅग्नम काडतुसाचे रिव्हॉल्व्हर १९५५ मध्ये काढले आणि पुढे त्याला ‘मॉडेल २९’ असे नाव दिले. भरल्यावर दीड किलोच्या घरात जाणारे आणि मनगटाला सणसणीत झटका देणारे हे धूड कित्येक वर्षे शिकारी आणि हौशी नेमबाज यांच्यापुरतेच राहिले. १९७१ मध्ये ‘डर्टी हॅरी’ हा चित्रपट आला, त्यातला नायक क्लिंट ईस्टवुडने ते रोखून धरले, हातात धरायच्या बंदुकांत याच्याहून ताकदवान जगात दुसरी नाही असे गुन्हेगाराला संथपणे समजावून सांगितले, आणि दुकानांतून मॉडेल २९ दिसेनासे झाले. छापील किमतीवर पैसे चढवून लोक ते घेऊ लागले. त्यांच्यापैकी कितीजणांच्या परसात अस्वल येत होते, हे विचारणे असभ्यपणाचे होईल.

कोल्ट कंपनीची कथा याहूनही बोधप्रद आहे. तिचे ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ हे १८७३ चे रिव्हॉल्व्हर. त्याला प्रत्येक गोळीपूर्वी घोडा हाताने ओढावा लागतो आणि रिकामी काडतुसे एकेक करून बाहेर ढकलावी लागतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कंपनीने ते जुनाट म्हणून बंद करून टाकले. पण नंतर अमेरिकेच्या घराघरांत दूरचित्रवाणी आली, तीवर रोज संध्याकाळी घोड्यावरचे नायक दिसू लागले, आणि जे हत्यार सैन्याला नको होते, पोलिसांना नको होते, ते सोफ्यावर बसलेल्या गृहस्थांना हवेसे झाले. रुगर कंपनीने ही नस आधी ओळखून १९५३ पासून त्याच घाटाची रिव्हॉल्व्हरे विकायला सुरुवात केली. मग कोल्टलाही १९५६ मध्ये आपला मृत वारस पुन्हा जिवंत करावा लागला. आपल्याकडे बंद पडलेली एस.टी.ची फेरी आमदारांच्या पत्राने सुरू होते, तिकडे कारखाना मालिकेने सुरू होतो, एवढाच फरक. पुढे त्याच कंपनीचे १९५५ चे ‘पायथन’ २००५ मध्ये बंद पडले, २०१० पासून ‘द वॉकिंग डेड’ या चालत्या प्रेतांच्या मालिकेत ते नायकाच्या कमरेला दिसू लागले, जुन्या पायथनांचे भाव चढत गेले, आणि २०२० मध्ये तेही परत आले. सगळे श्रेय प्रेतांना देणे योग्य होणार नाही, तथापि त्यांचा वाटा नाकारताही येणार नाही.

इटलीतल्या कारागिरांनी तर अमेरिकन इतिहास परत अमेरिकेलाच विकून दाखवला. १९५९ मध्ये सुरू झालेल्या उबेर्ती कंपनीने जुन्या कोल्टच्या हुबेहूब प्रतिकृती घडवल्या आणि इटालियन दिग्दर्शकांनी त्या स्पेनच्या वाळवंटात चित्रित केल्या. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या १९६६ च्या चित्रपटातला काळ अमेरिकन यादवी युद्धाचा, म्हणजे १८६२ च्या आसपासचा. नायकाच्या हातातल्या कोल्टमध्ये मात्र जी धातूची काडतुसे बसतात, त्यासाठी त्या जुन्या कोल्टमध्ये केलेला बदल युद्ध संपल्यानंतरचा आहे. हा तपशील आपण कोणालाही सांगू नये. सांगितल्यास मित्र कमी होतात, असा माझा अनुभव आहे.

आपण समुद्रकाठचे असल्यामुळे या हत्याराशी आपले जुने नाते असल्याचाही दावा बिनदिक्कत करावा. कोल्ट कंपनी काढणारा सॅम्युएल कोल्ट सोळाव्या वर्षी, १८३० मध्ये, ‘कॉर्व्हो’ नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून कलकत्त्याला निघाला. जहाजाचे सुकाणूचे चाक कसे फिरते आणि हव्या त्या जागी कसे अडकते, ते पाहून त्याला गोळ्या भरायच्या फिरत्या चक्राची कल्पना सुचली असे सांगतात, आणि प्रवासातच त्याने लाकडाचा नमुना कोरला. परतल्यावर खऱ्या नमुन्यांसाठी पैसे हवेत म्हणून हा गृहस्थ ‘न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्त्याचे डॉक्टर कोल्ट’ अशी पदवी स्वतःला लावून गावोगाव लोकांना हसवणारा वायू हुंगवत फिरला. या उद्योगाचा पाया नाटकी प्रयोगांच्या तिकिटविक्रीवर घातला गेला, हे लक्षात घेतले म्हणजे पुढे चित्रपटांनी त्याचा संसार का चालवला, याचे नवल वाटत नाही. हर्णै किंवा मालवणच्या बंदरात पिढ्यान्‌पिढ्या सुकाणू फिरवणाऱ्यांना असे काही सुचले नाही, कारण त्यांना मासे पकडायचे होते.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळू. चित्रपटात नायक रिव्हॉल्व्हर कोठून आणतो हे दाखवत नाहीत, ते बरेच आहे. दाखवायचे ठरवले तर मध्यंतरापर्यंत तो जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेबाहेरच्या बाकावर बसलेला दिसेल. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांखाली आपल्याला अर्ज करायचा आहे. अर्जात हत्यार कशासाठी हवे ते लिहावे लागते. तेथे मोकळ्या मनाने चित्रपटाचे नाव आणि आवडलेला प्रसंग लिहावा. मग पोलीस चौकशी होते, गावातल्या लोकांना आपल्याविषयी विचारले जाते, आणि ज्या काकूंच्या कुंपणावरून गेल्या वर्षी आपला वाद झाला, त्यांच्या मताला आयुष्यात प्रथमच शासकीय वजन प्राप्त होते.

परवाना मिळालाच, तर पडद्यावरचे हत्यार मिळेल असे मात्र समजू नये. .३८ आणि .४५५ ही साहेबाच्या काळातील फौजेची आणि पोलिसांची मापे ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडतात, आणि खासगी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंदच आहे. सामान्य नागरिकाच्या वाट्याला येते ते .३२ बोअरचे देशी रिव्हॉल्व्हर. कानपूरच्या सरकारी कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ काढले, त्याचे वजन ५०० ग्रॅम आणि किंमत १,२२,३६० रुपये होती. या पैशांत हापूसची किती कलमे लावून होतात याचा हिशेब घरात कोणी करू लागले, तर त्याला रसिकता नाही असे समजून दुर्लक्ष करावे.

रसिकतेचा हा अभाव आपल्याकडे सार्वत्रिक आहे. आमच्या शेजारच्या काकांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावर एक ठासणीची बंदूक आहे, ती त्यांच्या वडिलांपासून चालत आली असून कोयता, घमेले आणि ती यांत काका फारसा भेद करत नाहीत. माकडे कलमांवर आली की ते हवेत एक बार काढतात आणि उरलेली पेज प्यायला परत जातात. मी त्यांना मोठ्या उत्साहाने रिव्हॉल्व्हर बोटावर कसे गरगर फिरवतात ते पडवीत काठीचा तुकडा घेऊन दाखवले. त्यांनी शांतपणे पाहिले आणि विचारले, “तां फिरवून माकडां पळतली काय?” अशा लोकांच्या हाती खरी बंदूक असते आणि आपल्यासारख्यांच्या हाती काठीचा तुकडा, याला काय म्हणावे!

आणखी एक गोष्ट. निवडणूक आली की परवानाधारकांना हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा येऊ लागतात. २०२४ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि रायगड या दोन्ही मतदारसंघांचे मतदान ७ मे रोजी होते, म्हणजे आंबा तयार आणि आचारसंहिता लागू असा दुहेरी योग. माकडांना तिची बाधा होत नाही. अशा वेळी ठाण्याच्या पायरीवर पावती हातात घेऊन उभे असताना आपला तेजोभंग झाला असे वाटून घेऊ नये. चित्रपटांनी ज्याला बेबंद म्हणून जगभर प्रसिद्ध केले, त्या पश्चिमेकडच्या मुलखातही कित्येक गावांत हाच नियम होता. ॲरिझोनातल्या टूम्बस्टोन गावाने १८८१ मध्येच गावात हत्यार बाळगण्यावर बंदी घालून, आल्याबरोबर ते जमा करावे असे फर्मावले होते. याच गावातली ओ. के. कोरलची ती विख्यात चकमक २६ ऑक्टोबर १८८१ रोजी झडली, तीही काही जणांनी हत्यारे जमा केली नाहीत या सबबीवर. ती साधारण तीस सेकंद चालली. चित्रपटांना ती पुरवता पुरवता शतक लागले.

हत्यार घरी आल्यावर ते वापरण्याचे शास्त्र अर्थातच पडद्यावरूनच शिकावे. ‘शोले’त गब्बरसिंग सहा गोळ्यांतल्या तीन हवेत झाडतो, चक्र फिरवतो आणि उरलेल्या तिनांवर तीन माणसांचा जुगार खेळतो, रिव्हॉल्व्हरला साधारणपणे सहाच घरे असतात, हे हिंदी चित्रपटाने प्रामाणिकपणे सांगितल्याचे असे प्रसंग फार थोडे, आणि तेही खलनायकाच्या तोंडून. एरवी नायकाने अठरा गोळ्या झाडल्या तरी चक्र रिकामे होत नाही, ते आपलेही होणार नाही अशी श्रद्धा ठेवावी. नळीला आवाज दाबणारी नळकांडी बसवून खून पाडणारे सभ्य गृहस्थही आपण पाहिले असतील. वस्तुतः रिव्हॉल्व्हरमध्ये चक्र आणि नळी यांच्यामध्ये फट असते आणि आवाज तेथूनच निसटतो. रशियाच्या १८९५ च्या सात गोळ्यांच्या नागाँ रिव्हॉल्व्हरमध्ये चक्र पुढे सरकून ही फट बुजवते, म्हणून त्याचा काय तो अपवाद. पण फुंकर मारल्यासारखा तो ‘फुस्’ आवाज कानाला इतका गोड लागतो, की भौतिकशास्त्राने येथे नमते घ्यावे.

कमरेवरून विजेच्या वेगाने हत्यार उपसण्याचा सराव हा तर अभ्यासक्रमाचा गाभा. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत या सरावाची लाटच आली होती, आणि तिच्यात अनेकांनी पहिला नेम स्वतःच्या मांडीवर किंवा पायावर साधला. जुन्या कोल्टच्या जाणत्या मालकांची रीत अशी, की सहापैकी पाचच घरे भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवायचा, कारण घोडा भरलेल्या घरावर असताना धक्का लागला तरी बार उडे. रुगरने १९७३ मध्ये यावर यांत्रिक उपाय केला. नायक मात्र पाच गोळ्यांवर कधीच समाधान मानत नाही. तेव्हा आपणही सहा भरू शकता. लंगडत चालण्याची नायकाची ढब आपोआप साधेल.

एक गोष्ट चित्रपटात कधीच दिसत नाही ती म्हणजे आपला पाऊस. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक कोसळतो, त्यावर समुद्राची खारी हवा. येथे दाराच्या कड्या, सायकली आणि पत्र्याचे डबे जूनमध्ये लाल पडू लागतात, मग त्या निळसर पोलादाचे काय होणार, हे सांगायला नको. नायक रात्री दिव्याखाली एकदा हत्यार पुसतो, ते सुंदर दिसते. आपल्याला मात्र ते आषाढ, श्रावण आणि भाद्रपदात दर दोन दिवसांनी पुसावे लागेल, आणि त्यात सौंदर्य भरण्यासाठी कोणी पार्श्वसंगीत वाजवणार नाही. घरच्या खोबरेल तेलाने भागवू पाहिल्यास ते घोड्याच्या आतल्या सांध्यांत चिकटून बसते.

शेवटी प्रसिद्धी. हत्यार लोकांनी पाहिलेच नाही तर त्याचा उपयोग काय, हा आपला प्रश्न रास्त आहे. वाढदिवसाच्या बॅनरवर ते हातात धरावे, लग्नाच्या वरातीत आकाशाकडे रोखून एखादा बार काढावा. २०१९ च्या दुरुस्तीने असल्या निष्काळजी आनंदबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. आणि परवानाच नसेल तर कैद किमान दोन वर्षांची व कमाल पाच वर्षांची. चित्रफीत आपणच प्रसारित केलेली असल्याने पोलिसांना पुराव्यासाठी वणवण करावी लागत नाही, हा त्यातला समाजसेवेचा भाग होय.

एवढे सगळे वाचूनही ज्वर उतरला नसेल, तर गणपतीच्या बाजारात टिकल्यांचे रिव्हॉल्व्हर मिळते. चक्र असलेलेच मागावे, नळी लांब असलेलेच घ्यावे, आणि चाकरमानी मंडळींची मुले मागून संपवण्याच्या आत टिकल्यांचे दोन डबे बाजूला काढून ठेवावेत. त्या दमट झाल्या आणि ‘खट्’ झाल्यावर पुढचा ‘फट्’ आला नाही, तर तव्यावर शेकू नयेत, उन्हात ठेवाव्यात. भाद्रपदात ऊन कोणत्या दिवशी पडेल, एवढे मात्र काकांना विचारून घ्यावे.