काहीही न ठरवण्याचे नियोजन

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार मित्रांना घेऊन ईरी सरोवराकाठच्या बफेलोहून न्यूयॉर्कला फिश या अमेरिकन रॉक बँडचे चार रात्रींचे कार्यक्रम ऐकायला निघण्याचा आपला विचार असेल, तर सर्वप्रथम रेल्वेचे नाव कोणी काढणार नाही अशी व्यवस्था करावी. हे कार्यक्रम जिथे होतात त्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनची सध्याची इमारत १९६८ साली पेन स्टेशनच्या अगदी डोक्यावर उभी राहिली आणि बफेलोहून सुटणारी अ‍ॅमट्रॅकची गाडी त्याच स्थानकात येते. बाहेर कितीही बर्फ पडत असले, तरी गाडीतून उतरून वर आले की सभागृह समोर हजर असते. वाटेत झोप काढता येते, कोणालाही स्टिअरिंग धरावे लागत नाही, पार्किंग शोधावे लागत नाही. हेच तर रेल्वेचे वैगुण्य आहे. रेल्वेने गेलेल्या माणसाकडे परत आल्यावर सांगण्यासारखे काहीच उरत नाही. त्याने फक्त संगीत ऐकलेले असते.

मोटारीनेच जायचे हे एकदा पक्के झाले, की पुढचे काहीही पक्के करू नये. यामागे आळस नसून कलाविषयक भूमिका आहे. १९८३ साली व्हरमाँट विद्यापीठात जमलेला हा बँड रोज रात्री वेगळी गाणी वेगळ्या क्रमाने वाजवतो आणि एखादे गाणे किती वेळ चालेल हे वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसते, अशी त्याची ख्याती आहे. २९ नोव्हेंबर १९९७ रोजी वूस्टरमध्ये त्यांनी एकच गाणे जवळजवळ तासभर वाजवले. विलंबित ख्यालाला सरावलेल्या कानाला यात विशेष वाटणार नाही; पण रॉकच्या प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे मोजून तासभर एका गाण्यात राहणे ही श्रद्धेचीच बाब आहे. ज्या कलावंतांनी काहीही न ठरवता एवढी मजल मारली, त्यांना ऐकायला जाणाऱ्याने निघण्याची वेळ, टायर, हॉटेल आणि पेट्रोल या क्षुद्र गोष्टी आधी ठरवून ठेवणे म्हणजे त्यांचा उपमर्दच होय.

एखादा खोडसाळ मित्र या ठिकाणी सांगेल, की बँडमधल्या या चौघांनी सुरुवातीच्या वर्षांत एकमेकांचे ऐकण्याचा कसून रियाज केला होता. एकाने छोटी सुरावट सुरू करायची, इतरांनी तिच्यात भर घालायची आणि बाकीचे तिघे स्थिरावले असे कानाला पटले की ‘हे’ (इंग्रजीतला ‘hey’) असा आवाज द्यायचा. चौघांचेही ‘हे’ आल्यावरच पुढे सरकायचे, असा त्यांचा एक सरावच होता. म्हणजे काहीही न ठरवता वाजवता यावे यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे तयारी केली. ही माहिती खरी आहे, पण प्रवासाच्या आदल्या रात्री तिचा काही उपयोग नाही. अशा मित्राला गाडीत मागे, मधल्या जागेवर बसवावे.

मित्रांची निवड हा भाग त्यामानाने सोपा आहे, कारण ते स्वतःच आपली निवड करतात. एकाजवळ गाडी असते. एकाला १९९७ आणि १९९८ मधील प्रत्येक कार्यक्रमाची तारीख, गाव आणि दुसऱ्या सेटमधल्या, म्हणजे मध्यंतरानंतरच्या, गाण्यांचा क्रम तोंडपाठ असतो; मात्र आपले तिकीट फोनमध्ये कुठे ठेवले आहे हे आठवत नसते. एक जण ‘दहा मिनिटांत खाली येतो’ एवढेच वाक्य बोलतो. आणि एक जण यापूर्वी कधीही हा बँड ऐकलेला नसतो. त्याला इतर तिघे सात तास समजावून सांगणार असतात, म्हणून खरे तर साऱ्या प्रवासाचा भार त्याच्यावरच असतो.

आता गाडी. तिची चारही चाके इंजिनाच्या जोराने फिरणारी असली, तर मालक आपल्याला खात्री देईल की हिवाळी टायर हा दुकानदारांनी रचलेला कट आहे. हे मान्य करावे. चारही चाकांना जोर मिळाल्याने गाडी बर्फातून निघते चांगली, पण थांबवण्यात त्या जोराचा काही हात नसतो, आणि सात अंश सेल्सियसच्या खाली बारमाही टायरचे रबर कडक होऊन रस्ता नीट धरत नाही, या गोष्टी भौतिकशास्त्राच्या आहेत. संगीताच्या वाटेवर त्या आणू नयेत. काच धुण्याच्या टाकीत उन्हाळ्यातले पाणीच राहू द्यावे. महामार्गावर पुढच्या ट्रकने मिठाचा चिखल काचेवर उडवला आणि टाकीतले पाणी गोठल्याचे त्याच क्षणी कळले, की जे काही सुचते ती अस्सल उत्स्फूर्तता. टपावरचे बर्फ झाडण्यातही वेळ दवडू नये. ते वाऱ्याने आपोआप उडते आणि मागच्या गाडीच्या काचेवर जाऊन बसते. न्यू हॅम्पशायरमध्ये याबद्दल दंड होतो खरा, पण आपला रस्ता त्या राज्यातून जात नाही.

निघण्यासाठी सकाळची वेळ ठरली असेल, तर दुपारी निघावे. आय-९० महामार्गाने पूर्वेकडे, मग दक्षिणेला वळून डोंगरांतून पेनसिल्व्हेनिया, पोकोनोच्या चढउतारांवरून न्यू जर्सी आणि शेवटी लिंकन बोगदा, असे हे सहाशेहून अधिक किलोमीटरचे अंतर नकाशा साडेसहा-सात तासांत कापून दाखवतो. नकाशाला ईरी सरोवराचा स्वभाव माहीत नसतो. डिसेंबरात सरोवर बहुधा गोठलेले नसते. त्याच्या त्या मानाने उबदार पाण्यावरून कॅनडाकडची कोरडी, थंड हवा वाहताना बाष्प उचलते आणि किनारा ओलांडताच ते बर्फाच्या रूपाने टाकून देते. हे बर्फ सर्वत्र सारखे पडत नाही, अरुंद पट्ट्यांत पडते. त्यामुळे एका गावात निळे आकाश असते आणि पंधरा मिनिटांनी समोरच्या गाडीचे दिवेही दिसेनासे होतात. मोटारीतल्या जाणकाराने नेमक्या या वेळी सांगावे, की चांगल्या जॅममध्येही, म्हणजे वाजवता वाजवता सुचत जाणाऱ्या विस्तारातही, असेच होते: ओळखीचे गाणे मागे पडते, पुढचे दिसत नाही, आणि तेच तर ऐकायचे असते. चाहत्यांच्या भाषेत गाण्याच्या चौकटीत राहून केलेला विस्तार हा ‘टाइप वन’ आणि चौकटच सोडून देणारा तो ‘टाइप टू’. गाडीने रस्त्याची चौकट सोडली, तर तिलाही टाइप टू म्हणायला हरकत नसावी.

गाडी रुतलीच, तर शांतपणे हीटर लावून बसावे. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले असेल तर आधी ते मोकळे करायला हवे, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो आणि तो कळतही नाही, असे कोणी सांगितल्यास त्यालाच बाहेर पाठवावे. (हा या लेखातील एकमेव सल्ला आहे, जो शब्दशः पाळला तरी चालेल.) रस्त्यावर मीठ टाकलेले आहे म्हणून निर्धास्त राहावे, पारा उणे दहाच्या खाली उतरला की साधे मीठ जवळजवळ काहीच वितळवत नाही, पण ते टाकलेले दिसते, हे समाधान काही थोडे नव्हे.

कोणाचा धीर सुटू लागला, तर त्याला इतिहास सांगावा. २०१० साली नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून ईशान्य किनाऱ्यावर असे वादळ आले, की न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात वीस इंच बर्फ साचले. तरी २७ डिसेंबरला वूस्टरमध्ये फिशचा कार्यक्रम झाला. ज्याअर्थी बँड पोहोचला, त्याअर्थी आपणही पोहोचू शकतो, असा बिनतोड युक्तिवाद यातून निघतो. बँडच्या दिमतीला बस आणि व्यावसायिक चालक असतात, आपल्याजवळ आदल्या रात्री दोन वाजता झोपलेला मित्र असतो, एवढाच काय तो फरक. याहून मोठा दाखला २००४ च्या ऑगस्टमधला आहे. व्हरमाँटमधल्या कॉव्हेंट्री येथे फिशच्याच कार्यक्रमाच्या वेळी पावसाने मैदानाचा चिखल झाला; गाड्यांना जागा नाही, मागे फिरा, असे खुद्द बँडच्या माइक गॉर्डनने रेडिओवरून सांगितले, आणि हजारो लोक आय-९१ च्या कडेला मोटारी सोडून कित्येक मैल चालत गेले. तेव्हा चिखल होता. बर्फ निदान स्वच्छ तरी असते.

सात तासांच्या जागी अकरा तास लागतील, तेवढा वेळ गाडीत काय ऐकायचे हा प्रश्न उद्भवत नाही. ज्या बँडला ऐकायला चाललो आहोत, त्याचेच ऐकायचे. प्रेक्षकांना ध्वनिमुद्रण करू देण्याची प्रथा ग्रेटफुल डेड या आधीच्या पिढीतल्या रॉक बँडने रुळवली, १९८४ मध्ये तर टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखली, आणि फिशनेही ती मोकळीक पुढे चालवली. त्यामुळे एकाच गाण्याची इतकी रूपे उपलब्ध आहेत, की सिराक्यूजचा फाटा मागे पडेपर्यंत नवशिक्या मित्राने एका गाण्याची पाच रूपे ऐकलेली असतील आणि तरीही त्याला ते गाणे ओळखता येणार नाही. सिराक्यूजकडे आपल्याला जायचेच नव्हते, फाटा चुकला, हे सहाव्या रूपाच्या वेळी लक्षात येईल.

न्यूयॉर्कमध्ये शिरताना औदार्य बाळगावे. ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनमध्ये साठाव्या रस्त्याच्या दक्षिणेला गर्दीच्या वेळी मोटार आणण्याचा आकार लागतो. त्याचा मूळ दर नऊ डॉलर आहे आणि गार्डन त्याच हद्दीत येते. बोगद्याचा टोल निराळा, पार्किंगचे भाडे त्याहून निराळे. ही सर्व रक्कम पाच जणांनी वाटून घ्यायची असे ठरते, आणि ज्याने कार्ड पुढे केले तो ती एकटाच भरतो. शिवाय या संस्कृतीत कार्यक्रमाआधी मोकळ्या पार्किंगमध्ये जमण्याला फार महत्त्व आहे: तिथे शर्ट विकले जातात, तव्यावर भाजलेले चीज सँडविच मिळते, एक बोट वर करून कोणी फुकट तिकिटाच्या चमत्काराची वाट पाहत उभे असते. मॅडिसन स्क्वेअर गार्डनला स्वतःचे मैदानी पार्किंगच नाही. तरीही मालकाने आणलेली घडीची खुर्ची गाडीतून उतरवून घ्यावी आणि सातव्या अ‍ॅव्हेन्यूच्या पदपथावर, उणे तापमानात, ती कुठे मांडता येते का हे पाहावे.

प्रत्यक्ष कार्यक्रमाविषयी फार सांगण्यासारखे नाही. आपण पहिला सेट अर्धा उलटल्यावर पोहोचाल. ओल्या कोटाचे काय करायचे, या चिंतेत उरलेला अर्धा जाईल. मध्यंतर शौचालयाच्या रांगेत संपेल. दुसऱ्या सेटमध्ये ट्रे अनास्तासियोची गिटार एका ओळखीच्या गाण्यातून हळूच निसटेल, प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या ख्रिस कुरोडाचे दिवे तिच्या मागोमाग रंग बदलतील, वीस हजारांच्या आसपास माणसे एकाच वेळी श्वास रोखतील, आणि नेमक्या त्या क्षणी शेजारचा माणूस आपण कोणत्या रस्त्याने आलो, हे सोबत्याला मोठ्याने सांगू लागेल. अशा बडबड्यांना चाहते ‘चॉम्पर’ म्हणतात. त्याच्याकडे रागाने पाहावे. अर्थात तो आपल्याच गाडीतून आलेला नाही, याची आधी खात्री करून घ्यावी. ड्रम वाजवणारा जॉन फिशमन बायकांचा घोळदार झगा घालून बसलेला दिसेल, एखाद्या रात्री तो व्हॅक्यूम क्लीनरची नळी तोंडाला लावून वाजवेलही. नवशिक्या मित्राने याचे स्पष्टीकरण मागितल्यास ‘ते तसेच असते’ एवढेच सांगावे. ३१ डिसेंबरला मध्यरात्रीच्या सुमारास काहीतरी अचाट तमाशा असतो, हेही त्याला आधी सांगू नये. १९९४ साली बॉस्टन गार्डनमध्ये हे चौघे एका अवाढव्य हॉटडॉगवर बसून प्रेक्षकांच्या डोक्यावरून फिरले होते, आणि तो हॉटडॉग पुढे क्लीव्हलंडच्या रॉक संग्रहालयात मांडला गेला.

घरी राहिलेल्या मित्राला मात्र कार्यक्रमानंतर फोन करू नये. त्याने पैसे भरून थेट प्रक्षेपण पाहिलेले असते, पायात उबदार मोजे घालून. गाण्यांचा क्रम, प्रत्येक जॅमची लांबी, कोणते गाणे किती कार्यक्रमांनंतर वाजले, हे सगळे त्याला आपल्यापेक्षा अचूक माहीत असते, आणि शिवाय त्याने पहिला सेट पूर्ण ऐकलेला असतो. ‘पण प्रत्यक्षाची गोष्टच वेगळी’, असे आपण म्हणाल. तो काही बोलणार नाही. ते अधिक लागेल.

परतीसाठी १ जानेवारीची पहाट उत्तम. कार्यक्रम रात्री एक-दीडला संपतो, हॉटेल आपण तत्त्व म्हणून ठरवलेले नसते, आणि गाडीच्या मालकाला दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असते. तेव्हा जो कमी झोपाळलेला दिसेल त्याच्या हाती किल्ली द्यावी आणि इतरांनी गाढ झोपी जावे, म्हणजे चालकाला एकांत मिळतो. पोकोनोच्या उतारावर कोणी जागे झालेच, तर चर्चा एकाच विषयावर येईल: चार रात्रींपैकी सर्वांत श्रेष्ठ रात्र ३० तारखेची होती, आणि त्या रात्रीचा खरा कळस पहिल्या सेटच्या तिसऱ्या गाण्यात होता, जेव्हा आपण पाचही जण बोगद्याच्या तोंडाशी टोलच्या रांगेत उभे होतो. पुढच्या वर्षी एक दिवस आधी निघू, असे कोणीतरी सुचवेल. तो मधल्या जागेवरचाच असेल. त्याला तिथेच राहू द्यावे.